पडद्यापुढच्या रांगा : राष्ट्रीय विमानसेवेतल्या बिझनेस क्लासची गोष्ट



आजचा विषय वाचून काही जणांना गंमत वाटली असेल. इतिहासाच्या व्याख्यानात बिझनेस क्लास कुठून आला? पण एक चित्र डोळ्यांसमोर आणा. आपण विमानात शिरतो, ते पुढच्या रुंद खुर्च्यांच्या मधून. तिथली मंडळी आधीच स्थिरावलेली असतात, कुणाच्या हातात सरबत, कुणाच्या हातात पेपर. आपण बॅग सावरत त्यांच्याकडे बघतो, आणि मग पडद्यामागे आपल्या रांगेत जाऊन बसतो.

रात्रभराचा प्रवास असेल तर पुढच्या खुर्चीचं मोल समजू शकतं, माणसाला पाठ टेकायची असते. पण मुंबई-दिल्ली दोन तास, मुंबई-दुबई तीन तास. एवढ्याशा वेळासाठी दुप्पट-तिप्पट भाडं कोण भरतं? आणि विमान कंपनीच सरकारच्या मालकीची असेल तर त्या खुर्चीचे पैसे शेवटी कुणाच्या खिशातून जातात? आज मी एअर इंडियाची गोष्ट सांगणार आहे, पण या एका प्रश्नाच्या अंगाने.

सुरुवातीला पुढे-मागे हा भेदच नव्हता. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, तेव्हा त्यांच्या छोट्याशा पस मॉथ विमानात टपालाच्या पिशव्या होत्या. पुढे १९४६ मध्ये टाटा एअरलाइन्सची 'एअर इंडिया' झाली. ८ जून १९४८ ला 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला निघालं. त्यात प्रवासी होते ३५. विमानाचं तिकीट काढू शकणारा माणूस हाच मुळात वरच्या वर्गातला होता, त्याला आणखी वेगळा वर्ग कशाला हवा?

याच काळात, १९४६ मध्ये, महाराजा जन्माला आला. बॉबी कूका यांची कल्पना आणि जे. वॉल्टर थॉम्पसन या जाहिरात कंपनीतले चित्रकार उमेश राव यांचा हात. या महाराजाकडे नीट बघा. मोठा फेटा, लांब मिशा, आणि कमरेत वाकलेला. म्हणजे राजा आहे तो, पण प्रवासी नाही. तो यजमान आहे. खरी संस्थानं विलीन व्हायच्या बेतात असताना एका राजाला दारात उभं करून 'या, बसा' म्हणायला लावलं, यात कूकांचा मिश्कीलपणा आहेच. पण त्यात एक वचनही होतं : जो येईल तो पाहुणा.

१९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झालं. परदेशी उड्डाणं एअर इंडियाकडे, आणि आठ खासगी कंपन्या एकत्र करून देशांतर्गत सेवेसाठी इंडियन एअरलाइन्स. जे. आर. डी. एअर इंडियाचे अध्यक्ष राहिले, अगदी फेब्रुवारी १९७८ पर्यंत. स्वतः प्रवास करून ते बारीकसारीक टिपणं काढायचे. चहाच्या रंगापासून खुर्चीच्या पाठीपर्यंत काही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. १९५६ मध्ये कंपनीने बी. प्रभा या आपल्या नागपूरकडच्या चित्रकर्तीची चित्रं विकत घेतली, आणि तिथून एअर इंडियाचा प्रसिद्ध चित्रसंग्रह सुरू झाला. १९६७ मध्ये साल्वादोर दाली यांच्याकडून खास पाहुण्यांसाठी ऍशट्रे करून घेतले, आणि मोबदल्यात त्यांना चक्क हत्तीचं पिल्लू पाठवलं!

हे सगळं हौस म्हणून चाललं होतं का? नाही. यामागे एक रोकडा हिशेब होता. त्या काळी आंतरराष्ट्रीय भाडी 'आयाटा' या विमान कंपन्यांच्या संघटनेत ठरायची. मुंबई-लंडनचं भाडं सगळ्यांचं सारखंच. मग स्पर्धा करायची कशावर? जेवणावर, आदबीवर, सजावटीवर. आणि तिथेही नियम होते! १९५८ मध्ये इकॉनॉमी क्लास आला. त्यात जेवण साधं असावं, फक्त सँडविच, असं ठरलं. स्कॅन्डिनेव्हियन कंपनीने आपल्याकडच्या पद्धतीची उघडी, भरगच्च सजवलेली सँडविच वाढली, तर अमेरिकन कंपनीने तक्रार केली आणि त्यांना दंड झाला. म्हणजे मागे बसलेल्याला फार चांगलं जेवू घालणं हा गुन्हा होता, कारण पुढे बसलेल्याचं वेगळेपण टिकायला हवं होतं.

मग बिझनेस क्लास कधी आला? लोकांना वाटतं तो फर्स्ट क्लासचा धाकटा भाऊ. खरं तर तो इकॉनॉमीच्या पोटातून निघाला. १९७०च्या दशकात जम्बो विमानं आली, खुर्च्या वाढल्या, त्या भरण्यासाठी सवलतीची तिकिटं निघाली. आता झालं असं, की एखाद्या कंपनीचा अधिकारी आदल्या दिवशी पूर्ण भाडं भरून यायचा, आणि शेजारी बसायचा निम्म्याहून कमी पैशांत आलेला पर्यटक. जेवण तेच, खुर्ची तीच. अधिकारी कुरकुरू लागले. म्हणून १९७८-७९ च्या सुमाराला ब्रिटिश एअरवेज, पॅन ऍम, क्वांटास यांनी पूर्ण भाडं भरणाऱ्यांसाठी वेगळी जागा केली. त्यातला महत्त्वाचा मुद्दा असा, की तो अधिकारी स्वतःच्या खिशातून पैसे देत नव्हता. पैसे त्याची कंपनी भरत होती. बिझनेस क्लास हा श्रीमंताचा वर्ग नाही. दुसऱ्याच्या पैशाने प्रवास करणाऱ्याचा वर्ग आहे, निदान जन्माने तरी!

आपल्याकडे त्याचं नाव पडलं एक्झिक्युटिव्ह क्लास. आता जरा गणित करू. अरुंद विमानात मागे एका रांगेत सहा जण बसतात, पुढे चार. मागे दोन रांगांमधलं अंतर साधारण ३१ इंच, पुढे सुमारे ४०. म्हणजे पुढच्या पाच रांगांत २० माणसं बसतात, त्याच जागेत मागच्या धर्तीच्या खुर्च्या लावल्या तर ३८-३९ बसतील. थोडक्यात, पुढच्या खुर्चीने जवळजवळ दुप्पट भाडं आणलं, तरच बरोबरी होते. आणि हे कधी? सगळ्या खुर्च्या विकल्या गेल्या तर. युरोपातल्या कंपन्यांनी यावर तोड काढली. छोट्या मार्गांवर खुर्च्या त्याच, फक्त मधली खुर्ची रिकामी ठेवायची, आणि गर्दीप्रमाणे पडदा पुढे-मागे सरकवायचा. आपल्या राष्ट्रीय कंपनीने खऱ्या रुंद खुर्च्या ठेवल्या. छान वाटतं, पण पडदा सरकत नाही.

आता आखातात जाऊ, कारण मध्यम पल्ल्याचा खरा इतिहास तिथे घडला. १९७३ नंतर तेलाचा पैसा आला आणि केरळमधून, आपल्या रत्नागिरी-रायगडमधून माणसं कामाला निघाली. गवंडी, सुतार, ड्रायव्हर, स्वयंपाकी. १९७१ मध्ये एअर इंडियाने पहिलं जम्बो घेतलं होतं, 'सम्राट अशोक', आणि त्याची जाहिरात आकाशातला महाल म्हणून व्हायची. हाच महाल १ जानेवारी १९७८ ला मुंबईहून दुबईला निघाला आणि वांद्र्याच्या समुद्रात कोसळला. २१३ जण गेले. ती दुर्घटना मुंबईकर विसरलेले नाहीत. मी तिचा उल्लेख एवढ्यासाठी करतो, की महालाचा मार्ग तोपर्यंत बदलला होता. तो आता दुबईलाही जात होता.

आणि १९९० मध्ये कुवेतवर आक्रमण झालं, तेव्हा याच मागच्या रांगांतल्या लोकांना परत आणायला एअर इंडियाची विमानं अम्मानला गेली. सुमारे दोन महिन्यांत ४८८ उड्डाणं आणि लाखाहून जास्त माणसं. त्या उड्डाणांत पडद्याला काय अर्थ होता? राष्ट्रीय विमानसेवा कशासाठी असते, याचं याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही.

पण धंद्यात वेगळंच घडत होतं. १९८५ मध्ये दुबईत एमिरेट्स सुरू झाली, आणि तिच्या अगदी पहिल्या मार्गांत कराचीसोबत मुंबई होती. पुढे दुबईचा विमानतळ वाढला आणि मुंबई-दुबई हा तीन तासांचा टप्पा लंडन-न्यूयॉर्कच्या प्रवासाचा पहिला तुकडा झाला. पुढच्या रांगेतला, कंपनीच्या पैशाने जाणारा प्रवासी त्या बाजूला वळू लागला. आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर उरला तो मागचा प्रवासी. २००५ मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेस निघाली, पहिलं उड्डाण तिरुवनंतपुरम ते अबुधाबी, आणि त्या विमानांत बिझनेस क्लासच नव्हता! राष्ट्रीय कंपनीने स्वतःच कबूल केलं, की या मार्गाचा पाहुणा कोण आहे.

मग देशांतर्गत मार्गांवर पुढे कोण बसत होतं? इथे आपल्या प्रश्नाचं उत्तर येतं. १९९३ मध्ये जेट आली, खासगी कंपन्यांचे अधिकारी तिकडे जाऊ लागले. राष्ट्रीय कंपनीच्या पुढच्या रांगांत सरकार उरलं. आपल्याकडे विमानातली खुर्ची वेतनश्रेणीवर ठरते. सातव्या वेतन आयोगानंतरचा नियम बघा. केंद्र सरकारात १४ व्या स्तरापासून वर असाल तर देशात बिझनेस क्लास, १२ किंवा १३ व्या स्तरावर असाल तर इकॉनॉमी. पल्ला एक तासाचा असो की तीन तासांचा, प्रश्न थकव्याचा नाहीच, पदाचा आहे.

२००९ सालची गंमत ऐका. जुलैमध्ये अर्थ मंत्रालयाने आदेश काढला, की सरकारी कामाचा विमानप्रवास एअर इंडियानेच करायचा. हेतू स्पष्ट होता, तोट्यातल्या कंपनीला हक्काचे प्रवासी मिळावेत. सप्टेंबरमध्ये काटकसरीची मोहीम निघाली, की मंत्र्यांनी इकॉनॉमीत बसावं. शशी थरूर यांच्या 'कॅटल क्लास' या शब्दावरून गदारोळ झाला, तो आठवत असेल. सगळी चर्चा शब्दावर झाली. पण हिशेब बघा. मंत्री मागे बसला तर मंत्रालयाचे पैसे वाचले, आणि एअर इंडियाचे तेवढेच बुडाले. मंत्रालय सरकारचं, एअर इंडियाही सरकारची. डाव्या खिशातली नोट उजव्या खिशात जायची, ती तिथे गेली नाही, याला आपण बचत म्हटलं.

आणि ती नोट तरी वेळेवर जात होती का? ऑक्टोबर २०२१ मध्ये कंपनी टाटांना द्यायचं ठरलं, आणि त्याच महिन्यात सरकारने आपल्या खात्यांना कळवलं : एअर इंडियाची थकबाकी ताबडतोब फेडा, यापुढे तिकिटं रोखीने घ्या, उधारी बंद! म्हणजे यजमानाच्या घरचीच माणसं पाहुणे होऊन बसली होती, आणि बिलही वहीत लिहून ठेवायला सांगत होती. २०१२ मध्ये याच कंपनीला तगवण्यासाठी टप्प्याटप्प्याने सुमारे ३० हजार कोटी देण्याची योजना मंजूर झाली होती. त्या पैशात, कधी विमानात पाय न ठेवलेल्या माणसाचाही कर होता.

म्हणून बिझनेस क्लास वाईट, असं मला म्हणायचं नाही. इंडिगोने वर्षानुवर्षं एकाच वर्गाची विमानं चालवली, आणि २०२४ मध्ये दिल्ली-मुंबई मार्गावर तिनेही पुढे रुंद खुर्च्या लावल्या. मागणी आहे, भरणारा आहे, तर विकाव्यात. एअर इंडियाही आज खासगी कंपनी आहे. तिच्या पुढच्या खुर्च्या विकल्या जातात की नाही, ही आता तिची काळजी.

आपल्यासाठी उरतो तो धडा. राष्ट्रीय विमानसेवेत पुढची खुर्ची ठेवण्यात चूक नव्हती. चूक झाली ती, तिचं भाडं आणि तिचा मान यांची गल्लत करण्यात. महाराजा वाकून उभा होता तो येणाऱ्या प्रत्येकासाठी. हळूहळू तो वेतनश्रेणी विचारून वाकायला लागला. एसटी असो, रेल्वे असो, आज जे जे सार्वजनिक मालकीचं उरलं आहे, तिथे राखीव खुर्ची दिसली की एवढंच विचारा : हिचे पैसे कुणी भरले, आणि भरले का?

आता प्रश्न घेऊ.