सगळं माझ्याच पदरात!

पत्त्यांचे बहुतेक खेळ आपल्याला हात करायला शिकवतात. मोठं पान टाका, नाहीतर हुकमानं कापा, आणि हात ओढून घ्या. हार्ट्सचं सगळं उलटं. इथं हात करणाराच फसतो. चौघं खेळतात, प्रत्येकाला १३ पानं, हुकूम नाहीच. ओढलेल्या हातातल्या दर बदामाला १ गुण, आणि एकट्या इस्पिक राणीचे १३. म्हणजे एकूण २६. हे गुण कमाई नव्हे, दंड. कुणाचे तरी १०० झाले की खेळ संपतो, आणि सगळ्यांत कमी गुण ज्याचे तो जिंकतो.

आता यातली मेख बघा. एकाच माणसानं तेराही बदाम ओढले आणि वर राणीही ओढली, तर त्याला शून्य आणि बाकी तिघांच्या डोक्यावर २६-२६. इंग्रजीत याला 'शूट द मून' म्हणतात. पण एकच बदाम, मग ती दुर्री का असेना, दुसऱ्याकडे निसटली तर सगळे २५ आपल्याच गळ्यात.

ही पळवाट कुणीतरी मागाहून गंमत म्हणून चिकटवली असेल असं वाटतं. अमेरिकेत १८८० च्या सुमारास हार्ट्स खेळला जाऊ लागला तेव्हा फक्त बदामांचाच दंड होता. इस्पिक राणी त्यात आली विसाव्या शतकात. पण 'सगळं घेईन, नाहीतर बुडेन' ही कल्पना या खेळाच्या पूर्वजातच होती. त्या पूर्वजाचं नाव रेव्हर्सिस. सतराव्या-अठराव्या शतकात फ्रान्सच्या दरबारात याची फार चलती. दश्श्या काढून ४८ पानांनी खेळायचा, ११ हात व्हायचे. एक्क्याला ४, राजाला ३, राणीला २, गुलामाला १, आणि हे गुण जितके कमी तितकं बरं. बदामाच्या गुलामाला क्विनोला म्हणत. तो कुणाच्या अंगावर पडतो यावर मोठ्या रकमा फिरत.

आणि अकराच्या अकरा हात एकट्यानं केले तर? त्यालाच रेव्हर्सिस म्हणत. म्हणजे खेळाचं आणि या धाडसाचं नाव एकच. त्यातला एक नियम मला फार शहाणा वाटतो. पहिले नऊ हात एकानंच केले की तो या धाडसाला बांधला गेला असं धरत. मग उरलेल्या दोनांतला एक जरी दुसऱ्यानं हिसकावला, तर त्या मोडणाऱ्याला त्यानं भरपाई द्यायची. धाडसाला बक्षीस होतं, तसं ते मोडणाऱ्यालाही होतं.

या खेळात किती पैसा लागे ते मादाम द सेव्हिन्ये या बाईंनी लिहून ठेवलंय. जुलै १६७६ मध्ये लेकीला लिहिलेल्या पत्रात त्या व्हर्सायला चौदाव्या लुईच्या दरबारात चाललेल्या रेव्हर्सिसचं वर्णन करतात. टेबलावर सोन्याच्या लुई नाण्यांचे ढीग. भोवती राजघराण्यातली माणसं बोलण्यात, इकडंतिकडं बघण्यात गुंग. दांजो नावाचा सरदार तेवढा नुसत्या खेळाकडे लक्ष देतो, आणि इतर हरतात तिथं हा जिंकतो. बाईंची नजर पत्त्यांपेक्षा माणसांवर होती, म्हणून तर हे आपल्याला कळलं.

जर्मन लोकांच्या स्काटमध्ये रामश म्हणून प्रकार आहे, त्यातही गुण टाळायचे असतात आणि तिथंही सगळे हात करणारा जिंकतो.

हार्ट्सनं मात्र एक सवलत दिली, आणि सगळं डावपेचाचं शास्त्र त्या सवलतीवर उभं आहे. रेव्हर्सिसमध्ये सगळे हात लागत. हार्ट्समध्ये फक्त बदाम आणि राणी लागतात. आपल्या मेंढीकोटात नाही का, चार दश्श्या ओढल्या तरी कोट होतो, तेराही हात करायची गरज नसते. तसंच हे. त्यामुळं सुरुवातीचा एखादा कोरा हात मुद्दाम सोडून द्यावा. नको असलेलं मधलं पान त्यात जातं, आणि इतरांना संशयही येत नाही. घातक असतो तो बदामाचा राजा आणि जोडीला नुसती सत्ती. सत्ती कुणाच्याही अठ्ठीखाली सापडते. बदामाचे एक्का, राजा, राणी, गुलाम असून वर चव्वी असली तर मात्र घाबरू नये. बाहेरचे आठ बदाम सारखे वाटले गेले असतील तर तीन उतारींत संपतात आणि ती चव्वीही हात करते.

मोडणाऱ्याची अडचण वेगळी. एखादा बदाम आपण घेतला की संकट टळतं, पण तो दंड आपल्याला. म्हणून तिघंही मनात म्हणतात, दुसरा घेईल की! आणि तोवर चौथा सगळं घेऊन मोकळा. मोडणाऱ्याला भरपाई देणारा तो जुना नियम इथं असायला हवा होता, असं माझं मत. डाव सुरू होताना तीन पानं शेजाऱ्याला द्यायची असतात, तेव्हा त्यात एक लहानसा बदाम सरकवावा असं जाणकार सांगतात, ते याचसाठी.

आणि साधलं तरी फायदा होईलच असं नाही. समजा तुमचे गुण ६०, बाकीच्यांचे ३०, ५० आणि ८०. तुम्ही सगळं ओढलंत. आता ते होतात ५६, ७६ आणि १०६. शंभरी ओलांडली म्हणून खेळ तिथंच संपला. तुमचे ६०, शेजाऱ्याचे ५६. जिंकला कोण? तो, ज्यानं या डावात एकही बदाम घेतला नाही. म्हणून काही जणांनी नियम केला, की इतरांवर २६ चढवायचे की स्वतःचे २६ उतरवायचे, ते ओढणाऱ्यानं ठरवावं. तसा नियम असेल तर तुम्ही ३४ वर, तो ३० वरच, खेळ चालू, आणि पुन्हा पिसायला घ्यायचं.