धारिणीची पेटी



बारावीचे निकाल लागले की आमच्या आष्टीत घराघरांतून बॅगा भरल्या जातात. कोणाची मुलगी नगरला, कोणाचा मुलगा पुण्याला. त्या दिवसांत बायका स्थानकात भेटल्या की एकच विषय असतो, घर रिकामं होण्याचा. आनंद तर असतोच, पण डोळे भरलेले असतात आणि वर त्या डोळ्यांची लाजही वाटते. "मोह कमी करायला हवा," असं एकमेकींना सांगून आम्ही घरी येतो. आपल्या आगमांनी मात्र आईला अशी लाज वाटू दिलेली नाही. ती गोष्ट आज सविस्तर लिहिते.

ज्ञाताधर्मकथांग सूत्राचं पहिलंच अध्ययन मेघकुमाराचं आहे. राजगृहीचा राजा श्रेणिक आणि राणी धारिणी यांचा हा मुलगा. भगवान महावीरांचं प्रवचन ऐकून तो घरी येतो आणि दीक्षेची आज्ञा मागतो. ऐकताच धारिणी जमिनीवर कोसळते. दासी पाणी शिंपडतात, वारा घालतात. शुद्धीवर आल्यावर ती वाद घालते. आम्ही आहोत तोवर तरी थांब म्हणते, सुनांकडे बघ म्हणते, संयमाचा मार्ग किती कठीण आहे ते एकेक करून सांगते. मेघकुमार प्रत्येक मुद्द्याला उत्तर देतो. सूत्रकारांनी हा संवाद घाईने उरकलेला नाही, आईला पुरेपूर बोलू दिलं आहे. शेवटी आईवडील त्याला एक दिवसाचा राजा करतात आणि मग आज्ञा देतात.

पुढचा प्रसंग मला सगळ्यांत जवळचा. नापित येतो, तोंडाला कापड बांधतो आणि दीक्षार्थीचे केस कापतो. ते केस धारिणी शुभ्र वस्त्रात झेलते. सुगंधी पाण्याने धुते, चंदन लावते, कापडात बांधून रत्नांच्या डबीत आणि ती डबी पेटीत ठेवते. हे सगळं रडत रडत. आणि म्हणते की आता सणावारी, उत्सवाला मेघाचं शेवटचं दर्शन ते एवढंच. त्यानंतर तीच आई त्याला भगवंतांसमोर नेते आणि निरोप देताना बजावते की आता यत्न कर, प्रमाद करू नकोस.

दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या, एकाच दिवसातल्या. पेटी ठेवली म्हणून तिची आज्ञा खोटी ठरली नाही. सूत्रात कोणी तिला "रडू नकोस" असं म्हणून दटावत नाही.

पर्युषणात आपण आठ दिवस अंतगड सूत्र ऐकतो. त्यातली देवकीसुद्धा अशीच. एकसारखे दिसणारे साधू दोन-दोनच्या जोडीने तीनदा तिच्या दारी गोचरीला येतात. हे सहा आपलेच मुलगे, सुलसेच्या घरी वाढलेले, हे कळल्यावर तिला कृतार्थ वाटायला हवं, पण तिला दुःख होतं ते एकाचंही बाळपण आपल्या वाट्याला आलं नाही याचं. मग गजसुकुमाल होतो, आणि तोही तरुणपणीच दीक्षा घेतो. दरवर्षी हा भाग आला की स्थानकात बायकांच्या बाजूला पदर डोळ्यांशी जातात.

आणि स्वतः महावीर? आपल्या श्वेतांबर परंपरेत कल्पसूत्र सांगतं की आईवडील हयात असेपर्यंत दीक्षा घ्यायची नाही, असा संकल्प त्यांनी गर्भातच केला होता. आईवडील गेल्यावर थोरले बंधू नंदीवर्धन यांनी थांबायला सांगितलं, तर आणखी सुमारे दोन वर्षं थांबले. मग तिसाव्या वर्षी घर सोडलं. म्हणजे जाणाऱ्याने मागे राहणाऱ्याला विचारायचं, ही रीत थेट तीर्थंकरांपर्यंत जाते.

आता आपल्या भागात येऊ. आष्टीच्या शेजारचा तालुका पाथर्डी. तिथल्या चिचोंडीत १९०० साली नेमीचंद नावाचा मुलगा जन्मला. वडील देवीचंद, आई हुलासाबाई. वडील लवकर गेले. ७ डिसेंबर १९१३ रोजी मिरी गावात रत्नऋषीजी महाराजांकडे नेमीचंदची दीक्षा झाली. तोच पुढे आनंदऋषीजी महाराज, १९६४ पासून श्रमण संघाचे आचार्य. नगरचं आनंदधाम आणि त्यांच्या नावाचं हॉस्पिटल तर आपल्यापैकी प्रत्येकीला ठाऊक आहे. त्या काळी आष्टी निजामाच्या राज्यात, आपले जुने लोक म्हणतात तशी मोगलाईत, आणि पाथर्डी इंग्रजांच्या नगर जिल्ह्यात. पण सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना ओसवाल घरांचे सोयरसंबंध होते, दुकानदारी होती आणि चातुर्मासाची ओढही तीच होती.

मुलाचं वय तेव्हा तेरा. आज हे वाचताना मन थबकतं, आणि थबकावंच. आठ वर्षांखालच्या बालकाला दीक्षा नाही असं शास्त्र सांगतं, तरी तेरा म्हणजे काही मोठं वय नव्हे. पुढे १९३३ साली बडोदा संस्थानाने अल्पवयीनांच्या दीक्षेला आळा घालणारा कायदा केला, तेव्हा जैन समाजात मोठं वादळ उठलं होतं. मला स्वतःला तो कायदा धर्माविरुद्ध वाटत नाही. धारिणीने मुलाशी जो लांबलचक वाद घातला, तो तोलामोलाने घालता यावा एवढं मुलाचं वय तरी असायला हवं.

पण आज माझं लक्ष हुलासाबाईंकडे आहे. महाराजांच्या चरित्रांत आईची आज्ञा बहुतेक एका वाक्यात उरकते. त्या वाक्यापाशी मी अडते. कारण या बाईच्या आयुष्यात दोन मोठी वळणं आली. पतीच्या निधनाचं वळण आलं तेव्हा तिला कोणी विचारलं नव्हतं, विचारणं शक्यही नव्हतं. मुलाच्या दीक्षेचं वळण मात्र तिच्या आज्ञेवाचून पुढे सरकणार नव्हतं. एकाच उंबऱ्यातून दोघं गेले, एकदा ती फक्त बघत राहिली आणि एकदा "जा" म्हणायचा अधिकार तिच्याकडे होता.

दीक्षेच्या वियोगासाठी आपल्याकडे आज्ञा आहे, वरघोडा आहे, केस झेलायला पदर आहे. वैधव्याच्या वियोगासाठी काय होतं? कोपरा. विधवेने महिनोन्‌महिने घराच्या एका कोपऱ्यात बसायचं, ही आपल्या मारवाडी घरांतली रीत आजींच्या पिढीने पाहिलेली आहे. तिथे दुःखाला जागा होती म्हणावं, तर ती एवढीच होती, आणि त्यापुढे दार नव्हतं.

ते दार उघडण्याचं काम ज्या बायकांनी केलं, त्यांची नावं आपण पर्युषणात घेत नाही. मुंबईचे जवेरी माणिकचंद हिराचंद (१८५१–१९१४) यांची मुलगी मगनबाई. जन्म १८७९चा, वैधव्य एकोणिसाव्या वर्षी, पदरात एक मुलगी. बाप मुलीचं कपाळ बघून हाय खात बसला नाही. तिला संस्कृत शिकवलं, धर्मग्रंथ शिकवले, सभांना सोबत नेलं. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन १८८९चं, कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६चा. त्या वाऱ्याची झुळूक मुंबईच्या जैन पेढ्यांपर्यंतही पोचली असणार. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत मगनबाईंनी श्राविकाश्रम चालवला. तिथे विधवा मुली धर्मग्रंथ शिकत, लिहायला-वाचायला शिकत, शिक्षिका होऊन बाहेर पडत. त्यांच्यासारखंच काम सोलापूरच्या कंकुबाईंचं. जैन बोधक हे पत्र चालवणाऱ्या हिराचंद नेमचंद दोशींची ही मुलगी, उद्योगपती वालचंद हिराचंद यांची बहीण. त्यांच्या नावाचा श्राविकाश्रम विदर्भात कारंज्याला आहे. आणि बिहारमध्ये आरा गावी चंदाबाई, ज्यांना बाराव्या वर्षी वैधव्य आलं. त्यांनी १९२१ साली मुलींसाठी जैन बाला विश्राम काढलं.

या तिघी दिगंबर, आपण स्थानकवासी. ओळख नसण्याचं कारण बहुधा तेच असावं, पण ते कारण पुरेसं नाही.

या बायकांबद्दल आदराने लिहिताना एक चूक फार होते. दुःख झालं म्हणूनच त्या मोठ्या झाल्या, असं लिहिलं जातं. मला हे पटत नाही. हजारो बायका तेवढ्याच दुःखात कोपऱ्यात संपल्या. मगनबाईंच्या बाबतीत वेगळं घडलं ते हे, की बापाने पुस्तक हातात दिलं आणि बाहेर पडायची मुभा दिली. पुढे त्यांनी तीच मुभा इतरांना दिली. एरवी दीक्षार्थी आज्ञा मागतो आणि घरचे देतात, इथे न मागता दिली गेली, एवढाच फरक.

आपल्या भागात ही मुभा जरा वेगळ्या रूपाने आली. आनंदऋषीजींच्या प्रेरणेने १९३६ साली पाथर्डीला श्री तिलोक रत्न स्थानकवासी जैन धार्मिक परीक्षा बोर्ड सुरू झालं. साधू-साध्वींसाठी वरच्या परीक्षा होत्याच, पण घरसंसारातल्या बायकाही परीक्षेला बसत. ज्यांना शाळा मिळाली नव्हती त्या दुपारी चुलीजवळचं आवरून थोकडे पाठ करत. बाईच्या नावाने निकाल लागणं, प्रमाणपत्र येणं ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. हुलासाबाईंच्या घरातून गेलेल्या मुलाने दुसऱ्या घरांतल्या आयांच्या हाती पुस्तक ठेवलं, असं म्हटलं तर त्यात मला काही अतिशयोक्ती वाटत नाही.

आणि आता आमची मुलं. सप्टेंबर २०२२ मध्ये आष्टी ते नगर रेल्वे सुरू झाली, सप्टेंबर २०२५ मध्ये ती बीडपर्यंत पोचली. पिढ्यान्‌पिढ्या दुकानं मांडून बसलेली घरं आता मुलांच्या मागे पुण्याला निघाली आहेत. कोणी गाव सोडतं, कोणी घर विकतं. ही दीक्षा नव्हे, सणाला मुलं घरी येतात, हे मलाही कळतं. पण शेजारच्या काकूंच्या कपाटात मुलाची पहिलीची वही जपून ठेवलेली मी पाहिली आहे, आणि ती पाहून मला धारिणीची पेटीच आठवते.

मुलींना वसतिगृहातून पहिल्या रात्री फोन येतो तेव्हा मी त्यांच्या आयांना मेघकुमाराची पुढची गोष्ट सांगते. कारण गोष्ट दीक्षेवर थांबत नाही. नव्या साधूची जागा सगळ्यांत शेवटी, दाराजवळ. रात्रभर येणाऱ्या-जाणाऱ्या साधूंचे पाय त्याला लागत होते, धूळ उडत होती. राजपुत्राला क्षणभरही झोप लागली नाही. काल राजवाड्यात होतो तेव्हा हेच साधू किती आदराने बोलायचे, असं त्याला वाटलं आणि सकाळी भगवंतांना विचारून घरी परतायचं त्याने ठरवलं.

सकाळी तो काही बोलण्याआधीच भगवंतांनी त्याच्या मनातलं सांगितलं. मग त्याला त्याच्याच मागच्या जन्माची गोष्ट सांगितली. वणवा पेटलेला, सगळे प्राणी एका मोकळ्या जागेत दाटून उभे. हत्तीने अंग खाजवायला पाय उचलला तर त्या जागेत एक ससा येऊन बसला. हत्तीने पाय खाली ठेवलाच नाही. अडीच दिवस तसाच उचललेला ठेवला.

मेघकुमार घरी गेला नाही.