ब्रायटनचा सागरकिनारा

ब्रायटनला जाऊन करावयाचें काय, हा प्रश्न अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोणा लंडनकर धनिकाला पडला नसता. तें कोळ्यांचें एक खंगलेलें गांव होतें. त्याचें भाग्य उजळलें तें लोकांच्या रोगांमुळें! १७५० मध्यें डॉक्टर रिचर्ड रसेल यांनीं ग्रंथिविकारांवर समुद्राच्या पाण्याचा उपयोग सांगणारा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि समुद्रांत बुडणें व तेंच पाणी पिणें हीं दोन कर्तव्यें श्रीमंतांच्या वांट्यास आलीं. चाकांच्या लांकडी खोलींत बसावें, घोड्यानें ती पाण्यांत ओढावी आणि तेथें उभ्या असलेल्या दणकट बाईनें रोग्यास धरून लाटेखालीं बुचकळावें, असा तो विधि. या बायकांत मार्था गन विशेष प्रसिद्ध होती.

१७८३ मध्यें युवराज जॉर्ज येथें आला आणि आरोग्य मागें पडून करमणूक पुढें झाली. त्यानें आपल्या समुद्रगृहाचें १८१५ ते १८२२ या काळांत जॉन नॅशकडून घुमट-मिनारांच्या महालांत रूपांतर करविलें. हिंदुस्थान न पाहिलेल्या राजाचें हें कल्पनेंतलें हिंदुस्थान!

खरा हिंदी मनुष्य मात्र जवळच किनाऱ्यावर धंदा करीत होता. पाटण्याचा शेख दीन महंमद लंडनमधील आपलें हिंदी भोजनगृह बुडाल्यावर १८१४ मध्यें येथें आला. वनस्पतींची वाफ आणि अंगमर्दन यांचें त्याचें स्नानगृह इतकें गाजलें कीं, दोन राजांनीं त्याला आपला मर्दनवैद्य नेमलें. आपल्या चंपीचा इंग्रजी ‘शांपू’ लोकांच्या तोंडीं रुळविण्यांत त्याचा मोठा वांटा आहे. सेंट निकोलस चर्चच्या आवारांत मार्था गनचें थडगें आहे आणि महंमदाचेंही आहे. प्रवाशानें तीं अवश्य पाहावींत.

१८४१ मध्यें आगगाडी आली आणि सामान्य लोकांची रीघ लागली. व्हिक्टोरिया राणीला ती गर्दी मानवली नाहीं. १८५० मध्यें महाल नगराला विकण्यांत आला.

पण या महालाची खरी परीक्षा पुढेंच होती. डिसेंबर १९१४ पासून फ्रान्समध्यें जखमी झालेल्या हिंदी सैनिकांसाठीं तेथें इस्पितळ उघडलें. झुंबरांखालीं खाटा लागल्या. जातिधर्माच्या सोयीसाठीं नऊ स्वयंपाकघरें आणि हिंदु-मुसलमानांसाठीं पाण्याचे निरनिराळे नळ ठेवण्यांत आले. या आस्थेचीं छायाचित्रें सरकारनें हौसेनें सर्वत्र पसरविलीं. त्याच सैनिकांच्या शहरांत फिरण्यावर मात्र निर्बंध होते, हें त्या चित्रांत दिसत नाहीं.

ब्रायटनच्या इस्पितळांत मृत्यु पावलेल्या ५३ हिंदु व शीख जवानांवर शहराबाहेर पॅचमजवळच्या टेकड्यांवर अग्निसंस्कार झाला. तेथें पांढऱ्या संगमरवराची ‘छत्री’ उभी आहे. हेन्रिक्स या तरुण हिंदी वास्तुशिल्पकाराच्या आराखड्यावरून ती बांधली गेली आणि १ फेब्रुवारी १९२१ रोजीं तिचें अनावरण झालें. गाडीरस्ता तिच्यापर्यंत जात नाहीं. कुरणांतून पायीं चढावें लागतें. २०१० मध्यें जवळच त्या ५३ जणांचीं नांवें कोरलेली शिला बसविण्यांत आली.