पडद्यावर सात

हे पॉलिहाऊस नकाशावर सापडणार नाही. त्यातलं रसायन मात्र कुठल्याही हायड्रोपोनिक शेडमध्ये असंच वागेल.

सायंकाळी ५:०० | १५ तास बाकी
टाकी २,००० लिटरची. सामू ५.८, ईसी (पाण्याची विद्युतवाहकता; खत विरघळलं की वाढते) १.६. लेट्यूसची काढणी उद्या. कामगार सामूचा प्रोब धुऊन परत बसवतो. काचेचा फुगा पाइपच्या कडेला लागतो. केसाएवढी चीर.

५:१०
पडद्यावर ७.०. तडकलेला प्रोब गप्प बसत नाही. त्याचा व्होल्टेज शून्यापाशी येतो, आणि शून्य व्होल्ट म्हणजे सामू ७, एवढंच कंट्रोलरला ठाऊक. अलार्म ७.५ ला लावलेला. वाजत नाही.

६:००
कंट्रोलरला सामू ५.८ वर आणायचाय. दर ५ मिनिटांनी १२ मिली पातळ फॉस्फोरिक आम्ल. आकडा ढिम्म. म्हणून पुन्हा १२ मिली.

रात्री ९:००
विहिरीच्या पाण्यातलं उरलंसुरलं बायकार्बोनेट आम्ल पचवतंय. ते संपलं की आधार नाही. जमिनीत चिकणमाती असते, शेणखत असतं. इथं मुळांखाली वाहत्या पाण्याचा पापुद्रा, बस्स.

मध्यरात्र
सामू ४ च्या खाली. मोजपट्टीवर एक अंक उतरला की आम्लता दहापट. मुळांच्या पेशींची आवरणं कॅल्शियम गमावून पाझरू लागतात. पानं टवटवीत; अंधारात त्यांना पाणी लागतंच किती!

पहाटे २:००
एक साक्षीदार जागा आहे: ईसी. खताचे दोन्ही पंप बंद, तरी ती १.८ वर चढलीय. कशानं? कंट्रोलर विचारत नाही. ईसी जास्त असेल तर खत सोडू नकोस, एवढंच त्याला शिकवलेलं.

सकाळी ६:००
पावणेदोन लिटरहून जास्त आम्ल टाकीत गेलंय. सामू ३ च्या आसपास. पंपाला जोडलेला कॅन २० लिटरचा. अजून भरपूर शिल्लक.

८:००
ऊन चढतं. पानं पाणी मागतात, मुळं देऊ शकत नाहीत. ओळीच्या ओळी माना टाकतात. मालक एक रोप उपसतो: पांढरी मुळं तपकिरी, बुळबुळीत. तो खिशातला पेन-मीटर टाकीत बुडवतो. ३. पडद्याकडे बघतो. ७.०.

या टाकीला दिवसाला आम्ल लागतं २०० मिली. कॅनमध्ये रोज तेवढंच भरलं असतं, तर ही नोंदवही काल सायंकाळी साडेसहालाच मिटली असती.