लिव्हरपूलमधील पाणीगळतीचा शोध

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या औद्योगिक शहरांत घरोघरी नळ पोहोचले आणि त्यांच्याबरोबर न दिसणारी गळतीही आली. जमिनीत पुरलेल्या शिशाच्या नळ्या चिरत, सांधे सैल होत. पाणी वर न येता मातीत मुरे किंवा जवळच्या गटारात उतरे. घरमालकाला त्याचा पत्ताही नसे.

लिव्हरपूलला १८५७ पासून रिव्हिंग्टनच्या तलावांचे पाणी मिळू लागले. तरीही पुढे टंचाई आली आणि दिवसातून ठरावीक वेळच पाणी सोडणे भाग पडले. हा उपाय अपुरा होता. पाणी आले की गळती पुन्हा सुरू होई. दाब उतरला की त्याच भेगांतून बाहेरची घाण नळात ओढली जाण्याचा धोका असे. निरीक्षक घरोघर फिरत, पण त्यांना गळका नळ किंवा वाहणारी टाकी तेवढी दिसे. फरशीखालची नळी तपासणार कशी?

शहराचे अभियंता जॉर्ज फ्रेडरिक डीकन यांनी १८७३ मध्ये यासाठी खास मीटर तयार केले. त्यातील शंकूच्या आकाराच्या नळीत तारेला टांगलेली एक चकती असे. प्रवाह वाढला की ती खाली ढकलली जाई आणि तारेला जोडलेली पेन्सिल घड्याळाच्या यंत्रावर फिरणाऱ्या कागदावर रेघ ओढी. एका मीटरवर एका विभागाची नोंद होई. मध्यरात्रीनंतर गाव झोपलेले असताना पाण्याचा वापर जवळजवळ थांबतो. तेव्हाही रेघ शून्याजवळ येत नसेल, तर तेवढे पाणी वाया जात आहे हे उघड होई.

मग निरीक्षक रात्री गल्लीत उतरत. प्रत्येक घराबाहेरच्या झडपेवर लांब दांड्याची किल्ली टेकवून तिच्या दुसऱ्या टोकाला कान लावत. आतून पाणी वाहत असल्यास धातूतून सरसर ऐकू येई. मग ती झडप बंद करून वेळ टिपून ठेवत. सकाळी कागद पाहिला की नेमक्या त्या वेळी रेघ शून्याकडे किती सरकली, यावरून त्या घरी किती पाणी वाया जाते हे कळे. दुसऱ्या दिवशी त्या घरात जाऊन दोष शोधायचा आणि नळी दुरुस्त करून घ्यायची.

या पद्धतीने वाचलेल्या पाण्यावर लिव्हरपूलमध्ये अखंड पुरवठा पुन्हा सुरू करता आला. डीकन यांनी १८७५ मध्ये हा अनुभव लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे मांडला.

पुढे इलेक्ट्रॉनिक श्रवणयंत्रे आली. १९७० च्या दशकापासून नळाच्या दोन ठिकाणी संवेदक बसवून, आवाज दोन्हीकडे पोहोचण्याच्या वेळेतील फरकावरून गळतीची जागा काढता येऊ लागली. वापर थांबलेला असताना प्रवाह पाहण्याचे मूळ तत्त्व मात्र तेच राहिले. घरगुती नळांनाही ते लागू पडते: सर्व नळ बंद करावेत, टाकी भरत नसल्याची खात्री करावी आणि मीटर पाहावे. काटा फिरत राहिला, तर पाणी कुठेतरी मुरत आहे.