सहनिवेदकांचे ‘येथे’ : अमेरिकन प्रातःकालीन नभोवाणीतील संभाषणाचा इतिहास

नभोवाणीचा इतिहास लिहिताना केंद्रांची स्थापना, कंपन्यांचे व्यवहार आणि प्रक्षेपणाची यंत्रे यांना पहिले स्थान मिळते. ध्वनिग्राहकापुढे बसलेला मनुष्य कोणाशी आणि कोणत्या वाक्यांत बोलत होता, हा प्रश्न बहुधा मागे पडतो. अमेरिकेतील प्रातःकालीन कार्यक्रमांच्या बाबतीत हा दुसरा प्रश्नच अधिक महत्त्वाचा आहे. एका नगरातील दोन-तीन निवेदकांच्या सकाळच्या गप्पा त्याच क्षणी दूरच्या अनेक नगरांत ऐकविल्या जाव्यात, हा व्यवहार तेथे विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत बळावला. व्यवसायाच्या भाषेत त्यास सिंडिकेशन म्हणतात. कार्यक्रमाचा मालक तो निरनिराळ्या केंद्रांना पुरवितो आणि मोबदल्यात पैसे किंवा जाहिरातींची काही मिनिटे घेतो. पैशाचा हा हिशेब सोपा आहे. भाषेचा हिशेब मात्र तितका सोपा नाही. कारण सकाळचे बोलणे स्थलकालाला फार घट्ट बांधलेले असते. किती वाजले, बाहेर धुके आहे की पाऊस, कोणत्या रस्त्यावर वाहने अडली, शाळा आज भरणार की नाही, हाच त्याचा मुख्य मजकूर. हा मजकूर वगळून सकाळचे बोलणे सकाळचेच कसे राहिले, हे पाहावयाचे आहे.

या अडचणीवरील पहिला तोडगा सिंडिकेशनच्या फार पूर्वीचा आहे. २३ जून १९३३ रोजी डॉन मॅकनील यांनी शिकागोहून एन्.बी.सी.च्या ‘ब्लू’ जाळ्यावर सकाळचा कार्यक्रम हाती घेतला आणि त्यास ‘ब्रेकफास्ट क्लब’ हे नाव दिले. तो २७ डिसेंबर १९६८ पर्यंत चालला. अनेक राज्यांतील श्रोत्यांना एकच घड्याळ सांगणे शक्य नव्हते. शिकागोत आठ वाजत तेव्हा न्यूयॉर्कमध्ये नऊ झालेले असत. मॅकनील दर पाव तासाला न्याहारीची ‘हाक’ देत: पहिली, दुसरी, तिसरी, चौथी, आणि श्रोत्यांना घरातल्या टेबलाभोवती संचलन करावयास सांगत. हाकेचा क्रमांक सर्वत्र सारखाच राही, मग भिंतीवरच्या घड्याळात काहीही वाजलेले असो. स्थळाची जागा अशाच रीतीने कल्पित टेबलाने घेतली. ही युक्ती बालिश वाटेल, परंतु ती साडेतीन दशके टिकली.

दुसरा तोडगा न्यूयॉर्कच्या दांपत्य-कार्यक्रमांत सापडतो. एड व पेगीन फिट्झजेराल्ड हे जोडपे १९४० च्या सुमारास स्वतःच्या घरातून न्याहारीच्या वेळी श्रोत्यांना ऐकू येऊ लागले. १९४५ मध्ये वृत्तपत्रातील स्तंभलेखिका डोरोथी किलगॅलन आणि त्यांचे पती, नट व निर्माते रिचर्ड कोलमार, यांनी त्याच पद्धतीचा कार्यक्रम सुरू केला. तो १९६३ पर्यंत चालू होता. येथे पती-पत्नी एकमेकांशी बोलत: काल पाहिलेले नाटक, आलेली पत्रे, मुले आणि मधूनच जाहिरातदाराचा माल. हे कार्यक्रम एका नगरापुरतेच होते, म्हणून सिंडिकेशनच्या इतिहासात त्यांना सहसा स्थान देत नाहीत. परंतु संभाषणाचा जो साचा पुढे देशभर विकला गेला, तो याच न्याहारीच्या टेबलावर घडला, असे म्हणावयास हरकत नाही.

या साच्याचे मर्म श्रोत्याच्या बदललेल्या स्थानात आहे. एकटा निवेदक श्रोत्यालाच उद्देशून बोलतो. त्याला ‘आज येथे थंडी आहे’ असे म्हणावयाचे, तर ती थंडी श्रोत्यालाही लागत असली पाहिजे. दोघे परस्परांशी बोलू लागले की श्रोता हा संबोधित न राहता शेजारच्या खोलीत बसून ऐकणारा होतो. आणि ऐकणाऱ्याला दुसऱ्यांच्या खोलीतील थंडी समजण्यास अडचण पडत नाही. आर्व्हिंग गॉफमन यांनी १९८१ च्या ‘फॉर्म्स ऑफ टॉक’ या ग्रंथात संभाषणातील मान्य सहभागी आणि कानोसा घेणारा यांच्यात जो भेद केला, तो येथे उपयोगी पडतो. फरक इतकाच की नभोवाणीवरील ‘कानोसा’ निमंत्रित आहे. डोनाल्ड हॉर्टन व रिचर्ड वोल यांनी तर १९५६ मध्येच दाखविले होते की, मुख्य निवेदक सहकाऱ्यांशी जिवलगासारखा वागू लागला म्हणजे ती जवळीक श्रोत्यापर्यंत पोहोचते. सहनिवेदक आपले ‘येथे’ आपल्याबरोबर घेऊन हिंडतात. ज्याला स्वतःचे ‘येथे’ आहे, तोच कार्यक्रम दूर विकता येतो. दूरवर गेलेले प्रातःकालीन कार्यक्रम प्रायः दोघा-तिघांचे का असतात, याचे एक कारण येथे आहे. ते केवळ विनोदाच्या सोयीत शोधणे अपुरे ठरते.

ऑगस्ट १९८६ मध्ये हॉवर्ड स्टर्न यांचा न्यूयॉर्कमधील प्रातःकालीन कार्यक्रम फिलाडेल्फियातही ऐकविला जाऊ लागला. त्यात बातम्या सांगणाऱ्या रॉबिन क्विव्हर्स यांचे हसणे व हरकत घेणे हा रचनेचाच भाग होता. परंतु प्रस्तुत विवेचनास अधिक उपयुक्त उदाहरण इंडियानापोलिसचे आहे. बॉब केव्होयन व टॉम ग्रिसवोल्ड हे दोघे उत्तर मिशिगनमधील एका लहान केंद्रावरून १९८३ मध्ये तेथील डब्ल्यू.एफ्.बी.क्यू. केंद्रावर आले आणि बारा वर्षे त्याच नगराशी बोलत राहिले. जानेवारी १९९५ पासून त्यांचा कार्यक्रम उपग्रहाद्वारे इतर केंद्रांना मिळू लागला. पुढे ही संख्या शंभरावर गेली. बातम्यांसाठी क्रिस्टी ली, खेळांच्या वार्तांसाठी चिक मॅगी, आणि पाहुणे म्हणून फिरते विनोदवीर: या मंडळींचे खोलीतील हसणे हाच श्रोत्याला मिळणारा पहिला निर्देश असे.

अशा कार्यक्रमांच्या भाषेत तीन बदल स्पष्ट दिसतात. वेळ ‘सात वाजून वीस मिनिटे’ अशी न सांगता ‘ताशी ठोक्यानंतर वीस मिनिटे’ अशी सांगतात. मिनिटे सर्व कालविभागांत सारखीच असतात, तास मात्र निराळे. भारतात एकच प्रमाणवेळ असल्यामुळे आपल्याकडील निवेदकास ही कसरत कधी करावी लागली नाही. (इंडियानापोलिसची गंमत अशी की, तेथे २००६ पर्यंत उन्हाळी वेळ पाळली जात नसे, त्यामुळे हिवाळ्यात न्यूयॉर्कशी जुळणारे तेथील घड्याळ उन्हाळ्यात एक तास मागे राही.) दुसरा बदल स्थलवाचक शब्दांचा. हवामान, वाहतूक आणि केंद्राचे नाव ही ठरावीक खंडांत ढकलली जातात. मुख्य केंद्राकडून आलेल्या संकेताने स्थानिक यंत्र तो खंड आपोआप भरते. निवेदक प्रत्येक केंद्राचे नाव घेणारी वाक्ये आधीच ध्वनिमुद्रित करून पाठवितात, म्हणजे आपुलकीचे ‘येथे’ कधीही न पाहिलेल्या गावासाठी उच्चारलेले असते.

तिसरा बदल सर्वनामाचा, आणि मराठी वाचकाला तो विशेष उमजेल. इंग्रजीत ‘वी’ या एकाच शब्दात ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हे दोन्ही अर्थ मिसळलेले आहेत. सहनिवेदक ‘वी’ म्हणतात तेव्हा त्यात खोलीतील मंडळीच आहेत की श्रोताही, हे उघड होत नाही. आणि ते न होण्यावरच या जवळिकीचा बराच भार आहे. मराठीत हाच मजकूर करू पाहणाऱ्या निवेदकाला प्रत्येक वाक्यात निवड करावी लागेल. ‘आम्ही’ म्हटले तर श्रोता दाराबाहेर राहतो. ‘आपण’ म्हटले तर त्याच्याशी काही तरी खरोखर सामाईक असावे लागते.

या सोयीची किंमत कोणी दिली? १९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका मालकाकडे देशभर किती केंद्रे असावीत यावरील मर्यादा काढून टाकली. त्यापूर्वी ती मध्यलहरींची वीस व एफ्.एम्.ची वीस अशी होती. काही वर्षांतच एकट्या ‘क्लियर चॅनेल’ कंपनीकडे बाराशेच्या आसपास केंद्रे जमली. बाहेरून आलेला कार्यक्रम लावला की गावातील सकाळचा निवेदक अनावश्यक ठरे. १८ जानेवारी २००२ रोजी उत्तर डाकोटातील मायनट येथे रात्री मालगाडी घसरून अमोनिया वायू पसरला व एक मनुष्य दगावला. गावातील सहाही व्यापारी केंद्रे त्या वेळी याच कंपनीची होती, आणि पोलिसांना सूचना प्रसारित करून घेता आली नाही. दोष केंद्राचा की पोलिसांच्या यंत्रणेचा, यावर दोन्ही बाजूंनी वाद झाला. प्रातःकालीन गप्पांचा या घटनेशी थेट संबंध नाही, आणि तसा जोडणे अन्यायाचे होईल. परंतु ‘येथे’ हा शब्द उच्चारणारा मनुष्य गावात असणे म्हणजे काय, याची चर्चा अमेरिकेत या घटनेनंतर वाढली, ही गोष्ट नोंदण्यासारखी आहे.

कायद्याने एक अवशेष मात्र राखला आहे. प्रत्येक केंद्राने दर तासाला आपली संकेताक्षरे आणि लगेच आपल्या परवान्यातील गावाचे नाव उच्चारलेच पाहिजे. दूरच्या खोलीतील हास्यविनोद क्षणभर थांबतो, बहुधा निराळ्याच आवाजात गावाचे नाव ऐकू येते, आणि हास्य पुन्हा सुरू होते. केव्होयन २०१५ च्या अखेरीस निवृत्त झाले. कार्यक्रमाच्या नावात ‘बॉब आणि टॉम’ हे दोघेही त्यानंतर तसेच राहिले.