एपिसोड: टोप, जिरेटोप आणि माझ्या मामेभावाचे चार टाके

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला: शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी शिरस्त्राण घ्यायचंय, कुठलं घेऊ? आजचा अख्खा भाग त्यावर. पण आधी एक कबुली. या विषयात मी स्वतः तोंडावर आपटलोय. म्हणजे आपटलो मी, आणि फुटलं दुसऱ्याचं डोकं.

झालं असं. मी सावंतवाडीचा, नोकरी पुण्यात, कोडिंगची. गावातली आमची पोरं मिरवणुकीत लाठीकाठी करतात. दोन वर्षांपूर्वी ठरलं की यंदा एक मावळा पूर्ण वेषात हवा. इतिहासाचा पॉडकास्ट करणारा घरात एकच, म्हणून खरेदी माझ्याकडे. मी ऑनलाइन एक टोप निवडला. काय दिसायचा! पितळी काठ, वर तुऱ्याची नळी, नाकावर सरकती पट्टी, मानेभोवती कड्यांची झालर. पार्सल उघडलं तेव्हा मामीने तो हातात घेऊन बोटाने टणटण वाजवला आणि म्हणाली, "असो टोप माझ्या चुलीर पण आसा मरे."

आम्ही हसलो. आमच्याकडे भाताच्या भांड्यालाही टोपच म्हणतात ना.

तालमीत तिसऱ्याच दिवशी मामेभावाच्या डोक्यावर एक लाठी बसली. जोरात नव्हती. पत्रा आत दबला, आणि तुऱ्याची नळी बसवलेल्या रिव्हेटचं टोक थेट टाळूत घुसलं. चार टाके. टोप नुसता डोक्यावर ठेवलाय, आत अस्तर नाही, हे मला रक्त पुसताना पहिल्यांदा दिसलं. फोटो मी शंभर वेळा झूम करून पाहिले होते, पण सगळे बाहेरून.

मग मी वाचायला बसलो. आधी करायला हवं होतं ते नंतर केलं.

पहिला धक्का जिरेटोप या शब्दानेच दिला. आपण जिरेटोप म्हणतो तेव्हा डोळ्यासमोर येतो कापडी, मोत्यांचा तुरा लावलेला. पण यातलं 'जिरे' हे फोडणीतलं जिरं नाही. फारसीत जिरह म्हणजे लोखंडी कड्या गुंफून केलेलं चिलखत. म्हणजे शब्दाच्या पोटात लोखंड आहे, आणि आपल्या चित्रांत मात्र कापड उरलंय.

मग खरं काय, लोखंड की कापड? याचं उत्तर मला प्रतापगडाच्या पायथ्याशी सापडतं. 10 नोव्हेंबर 1659, अफझलखानाची भेट. ग्रँट डफने 1826 साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात महाराजांच्या तयारीचं वर्णन आहे: पागोट्याखाली पोलादी कड्यांची टोपी, सुती अंगरख्याखाली चिलखत. बाहेरून कापड, आत लोखंड. अर्थात तिथे लपवण्याचंही कारण होतं, भेट सलोख्याची म्हणून ठरली होती. पण रचना म्हणून बघा. वार आधी कापडाच्या थरांत जातो, मग लोखंडाला भिडतो. इंजिनियर म्हणून मला हे फार आवडलं.

साध्या मावळ्याच्या डोक्यावर मात्र बहुतेक वेळा लोखंड नसायचंच. लोखंडी टोप महाग, सरदार-मानकऱ्यांच्या ऐपतीतला. शिवाय डोंगर चढायचा, अंधारात सरकायचं, त्यात आपल्या कोकणाची हवा. मे महिन्यात सावंतवाडीत मोती तलावाच्या काठाने हेल्मेट घालून दोन चकरा मारा, मग सांगा. 1664 साली कुडाळच्या बाजूला महाराजांनी आदिलशाहीच्या खवासखानाचा पराभव केला, आमचे वाडीचे सावंत तेव्हा आदिलशाहीच्या बाजूने होते. त्या लढाईत इथे उतरलेल्या पायदळाची कल्पना करताना मी आता डोक्यावर घट्ट गुंडाळलेलं मुंडासं बघतो, सिनेमातला चकचकीत टोप नाही. कित्येक हात कापडाचे पीळ तलवारीचा निसटता वार खरंच अडवतात. लाठीचा आघातही थोडा पितात.

आणि समुद्रावर तर चित्र आणखी वेगळं. मालवणला सिंधुदुर्गात राजाराम महाराजांच्या काळातलं शिवराजेश्वर मंदिर आहे. तिथली मूळ मूर्ती बिनदाढीची, आणि डोक्यावर नेहमीचा जिरेटोप नाही, दर्यावर्दी माणसासारखी टोपी. लहानपणापासून दर्शन घेतलंय, पण डोक्याकडे नीट बघितलं ते या टाक्यांच्या प्रकरणानंतर.

आता खरेदी. एकच गोष्ट आधी ठरवा: मिरवायचंय की मार खायचाय?

मिरवायचं असेल तर हलकाच घ्या, त्यात कमीपणा नाही. आपल्या दशावतारातला राजा काय खरं सोनं घालून नाचतो? फक्त आतून हात फिरवून बघा, कुठे काही टोचतंय का. आणि तो घातलेल्या माणसावर लाठी उगारू नका. विषय संपला.

मार खायचा असेल तर गणित करावं लागतं. पत्र्याचा गेज आकडा जितका लहान तितका पत्रा जाड, इथे पुष्कळ जण फसतात. माझा टोप 20 गेजचा, म्हणजे साधारण 0.9 मिलिमीटर. अमेरिकेत 1966 पासून मध्ययुगीन लढायांचा खेळ खेळणारी एक मोठी संस्था आहे, एससीए. ते वेताच्या तलवारी वापरतात, तरी शिरस्त्राण किमान 16 गेज लागतं, म्हणजे साधारण 1.6 मिलिमीटर, शिवाय आत अर्धा इंच पॅडिंग. 22 सेंटिमीटर व्यासाची अर्धगोल वाटी धरली तर 0.9 चा पत्रा सुमारे 540 ग्रॅम भरतो, 1.6 चा 950 ग्रॅमच्या आसपास. वजन दुपटीच्या आत, पण ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो, म्हणजे पाचपटीहून जास्त. माझा पत्रा का दबला ते इथे कळलं. त्यात पत्रा ठोकून खोलगट करताना माथ्याशी ताणून पातळ होतो, आणि लाठी नेमकी तिथेच बसते. म्हणून विक्रेत्याला विचारा: जाडी मूळ पत्र्याची सांगताय की माथ्यावरची?

मापाची गंमत वेगळीच. डोक्याचा घेर 58 सेंटिमीटर म्हणून 58 चा टोप मागवलात की संपलं. चहूबाजूंनी दीड सेंटिमीटर अस्तर घातलं की घेर नऊ सेंटिमीटरने वाढतो, म्हणजे आतून 67 हवा. अस्तराशिवाय घट्ट बसणारा टोप म्हणजे डोक्यावर ठेवलेली ऐरण. हनुवटीचा पट्टा हवाच, नाहीतर पहिल्या फटक्यात टोप फिरतो आणि नाकपट्टी डोळ्यासमोर येते.

कड्यांच्या झालरीत बघायचं ते एवढंच: कड्यांची तोंडं रिव्हेटने जोडलीत की नुसती वाकवून जवळ आणलीत. नुसती वाकवलेली ओढ बसताच उघडतात आणि केसात अडकतात. जुन्या हिंदुस्थानी झालरींत दोन्ही प्रकार सापडतात, तेव्हा "नुसती वाकवलेली म्हणजे नकली" असंही म्हणू नका. फक्त खेळायला घेऊ नका.

आणि हो, असले टोप परदेशातून मागवायची गरज नाही. जगभरच्या हौशी लोकांच्या डोक्यावरचं कितीतरी लोखंड आपल्याच देहरादून आणि मेरठमध्ये बनतं.

यंदा काय केलं? 16 गेजचा साधा टोप आणला, ना पितळ, ना तुरा. आत फोम चिकटवला, वरून मामेभावाने स्वतः मुंडासं गुंडाळलं, लोखंड दिसतच नाही. मिरवणुकीत दोघा-तिघांनी विचारलं, मावळ्याचा टोप कुठे गेला? तालमीत त्यावर लाठी बसली तेव्हा आवाज आला ठप्प, टण्ण नाही. मामी बाजूला उभी होती. जुन्या टोपात ती आता अबोलीचं रोप लावते. मला म्हणाली, "भात करपलो तर दुसरो करूक येता. टकलां खंयसून हाडतलंस?"